पंपाची ग्लँड आवळण्याआधी अँमीटर पाहा

महोदय,

सोसायटीच्या वार्षिक सभेत वीजबचतीचा विषय निघाला की चर्चा जिन्यातल्या एलईडी दिव्यांवर आणि गच्चीवरच्या सोलरवर संपते. तळटाकीतलं पाणी वर चढवणाऱ्या पंपाचं नाव कोणी काढत नाही. मुंबईत बहुतेक ठिकाणी पालिकेचं पाणी ठरावीक तासच येतं, गच्चीवरच्या टाकीपर्यंत स्वतःहून चढत नाही. त्यामुळे पंप रोज चालवावाच लागतो.

जुन्या कपलिंगवाल्या पंपात (मोटर आणि पंप जोडणारा सांधा म्हणजे कपलिंग) फिरणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, पंपाच्या कवचातून बाहेर येतो तिथे पाणी अडवायला दोरी भरलेली असते; तिला दोन नटांनी दाबून धरणारं झाकण म्हणजे ग्लँड. ही दोरी शाफ्टवरच्या नळीवर, म्हणजे स्लीव्हवर, घासते आणि झिरपणाऱ्या पाण्यावरच थंड राहते. म्हणून मिनिटाला ४० ते ६० थेंब पडणं हा बिघाड नाही, ती तिची गरज आहे. या हिशेबाने पंप ४ तास चालला तरी लिटरभर पाणीसुद्धा जात नाही.

पण पंपरूममध्ये ओल दिसली की मिस्त्रीला फोन जातो. तो पान्याने ग्लँडचे दोन्ही नट आवळतो, थेंब बंद होतात आणि सगळ्यांचं समाधान होतं. त्या वेळी पॅनेलवरचा अँमीटर, म्हणजे मोटर किती अँपिअर ओढते ते दाखवणारा मीटर, कोणीच पाहत नाही. दोरीचा दाब वाढला की घर्षण वाढतं, मोटर जास्त अँपिअर ओढते आणि ती जादा वीज निव्वळ उष्णता होऊन जाते. दोरी करपते, कडक होते, स्लीव्हवर चरे पडतात. मग गळती आधीपेक्षा वाढते आणि पुन्हा पाना फिरतो. समजा ५ हॉर्सपॉवरच्या पंपावर असे २०० वॅट जादा जात असतील, तर रोज ४ तासांनी वर्षाला २९२ युनिट होतात. शिवाय स्लीव्हचा खर्च वेगळाच.

तपासणी सोपी आहे. मेन स्विच बंद करून कपलिंग हाताने फिरवून पाहावं. जोर लावूनही हलत नसेल तर बहुधा ग्लँड फार आवळलेली आहे. मात्र ती फार सैल सोडणंही बरोबर नाही. तळटाकी पंपाच्या खाली असेल तर सक्शनच्या बाजूने ग्लँडमधून हवा शिरते आणि पंप पाणी ओढेनासा होतो.

नव्या पंपांत दोरीऐवजी मेकॅनिकल सील मिळतो. त्यात बहुधा कार्बन आणि सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या असतात; एक स्थिर राहते आणि दुसरी पाण्याच्या अतिशय पातळ थरावर तिला लागून फिरते. घर्षण दोरीपेक्षा बरंच कमी, गळती जवळजवळ नाही. पंप बदलायचाच असेल तर मी सीलवालाच घ्या म्हणेन. पण कोरडा चालला तर हा सील थोड्याच वेळात जातो. मे महिन्यात पाणीकपात असली आणि तळटाकी रिकामी पडली की हे हमखास होतं. तळटाकीत पाणी संपताच पंप बंद करणारा लेव्हल स्विच नसेल तर सीलवर पैसे घालू नयेत.

सोसायट्यांनी पंपाच्या वार्षिक देखभाल करारात एवढी एक अट घालावी: ग्लँडला हात लावण्याआधीचे आणि नंतरचे अँपिअर मिस्त्रीने पंपरूममधल्या वहीत लिहायचे आणि त्याखाली सही करायची. आकडा वाढलेला असेल तर नट सैल करून पुन्हा मोजल्याशिवाय बिल मंजूर करू नये.

– एक निवृत्त मेंटेनन्स फोरमन, भांडुप