आर्द्रतेची नोंद रात्रीचीही तपासा

मा. संपादक,
स. न.

औषधांच्या दर्जावरील आपला लेख वाचला. बनावट औषधांचा त्यात चांगला समाचार घेतला आहे. मात्र कारखान्याच्या हवेतील बाष्पाचा साधा उल्लेखही नाही. गोळ्यांच्या उत्पादनात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला ते खटकले.

पाण्यात टाकताच फसफसणारी गोळी घ्या. तिच्यात सायट्रिक आम्ल आणि खायचा सोडा एकत्र असतात. जरा ओल मिळाली की त्यांची क्रिया सुरू होते आणि त्या क्रियेतून पुन्हा पाणीच तयार होते. एकदा सुरुवात झाली की मग बाहेरची ओल लागतच नाही. पाकीट आतल्या वायूने फुगते. म्हणून अशा गोळ्यांच्या खोलीत सापेक्ष आर्द्रता साधारण २० ते २५ टक्क्यांवर जाऊ देत नाहीत.

नुसत्या एसीने हे जमत नाही. हवा इतकी कोरडी करायची तर कॉइलवर बर्फ धरू लागतो. तिथे सिलिका जेलचे फिरते चाक लागते. त्याचा एक भाग बाष्प शोषतो, तेव्हाच दुसरा भाग गरम हवेने वाळवला जातो. या वाळवण्याला ऊर्जा भरपूर लागते, त्यामुळे काटकसरीची पहिली कुऱ्हाड इथेच पडते. पाळी संपली की यंत्रणा बंद! सकाळी ती चालू केल्यावर काटा मर्यादेत येतो, वहीत आकडा बरोबर पडतो. पण रात्रभर हॉपरमध्ये, म्हणजे यंत्राला मिश्रण पुरवणाऱ्या नरसाळ्यात, राहिलेल्या मिश्रणाने प्यायलेले पाणी कुठेच नोंदले जात नाही. काही प्रतिजैविक गोळ्यांत असणाऱ्या पोटॅशियम क्लॅव्ह्युलानेटसारखे घटक तर ओल लागताच नासू लागतात. त्या दिवशीच्या चाचणीत गोळी उत्तीर्ण होते, गुण मात्र नंतर दुकानात, रुग्णाच्या घरी घटत जातो. ॲस्पिरिनच्या बाटलीला व्हिनेगरसारखा वास येतो तोही ओलीने औषध नासल्यामुळेच.

हवा जितकी कोरडी तितकी बरी, असेही नाही. जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये १३ ते १६ टक्के पाणी असावेच लागते. त्याहून सुकल्या तर भरताना तडकतात. म्हणजे सगळ्या खोल्यांना एकच मर्यादा लावणे चूक आहे.

तपासणी अधिकाऱ्यांनी दिवसातून दोनदा हाताने लिहिलेल्या आकड्यांवर विसंबू नये. रात्र आणि सुट्ट्या धरून अखंड नोंद मागावी, मर्यादा औषधागणिक ठरवली आहे का ते विचारावे, आणि मिश्रणाचा ड्रम किती वेळ उघडा होता हे बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे प्रत्येक घाण्याच्या उत्पादन-नोंदीत, लिहिणे सक्तीचे करावे.

आपला,
एक निवृत्त उत्पादन रसायनतज्ज्ञ