फीचं सोडा, गाई कधी सोडतात ते विचारा

संपादक महोदय,

अमेरिकेत सरकारी कुरणांवर रँचर (म्हणजे गुरं पाळणारे) लोक जवळजवळ फुकटात गाई चारतात असा एक लेख मधे तुमच्या पेपरात आला होता आणि त्यावर नंतर जी पत्रं छापून आली ती पण सगळी फीबद्दलच. मी नेवाडात याच कामावर आहे, पदाचं नाव रेंजलँड मॅनेजमेंट स्पेशालिस्ट (नातेवाइकांना मी "गवत मोजते" एवढंच सांगते, पुढचे प्रश्न वाचतात), म्हणून म्हटलं आपणही लिहावं.

फी कमी आहे हे खरंय. एक गाय-वासरू किंवा पाच मेंढ्यांचा महिन्याचा चारा म्हणजे एक एयूएम, आणि २०१९ ते २०२५ सलग दर होता एयूएममागे १.३५ डॉलर. फॉर्म्युला १९७८ च्या कायद्यातला आणि १.३५ च्या खाली जायचं नाही हे १९८६ मधे ठरलं. खासगी कुरणाला याच्या कितीतरी पट पडतात, पण तिथे कुंपण-पाणी बहुतेक मालक बघतो, इथे त्यातलं बरंचसं रँचरच्या गळ्यात असतं. असो. मुद्दा हा की फी दुप्पट करा नाहीतर दहापट करा, गाई दरवर्षी त्याच आठवड्यात त्याच जागी सोडल्या तर गवताचं व्हायचं तेच होणार.

कारण इथलं मूळचं गवत बारमाही, झुपक्यानं वाढणारं. ओल बहुतेक हिवाळ्यातल्या बर्फाची, त्यामुळे वाढायला वसंतातले थोडेच आठवडे मिळतात, आणि नेमका तेव्हाच वाढीचा कोंब जमिनीपासून वर आलेला असतो, तो खाल्ला गेला की बी धरत नाही आणि मुळं पण बारीक होत जातात. एखाद्या वर्षी झालं तर गवत सावरतं. पण दर वसंतात तेच झालं तर झुपके मरतात आणि मोकळ्या जागेत चीटग्रास घुसतं. हे बाहेरून आलेलं, एका हंगामाचं गवत, हिवाळ्याआधीच्या पानगळीत उगवतं आणि उन्हाळा लागेपर्यंत वाळून जातं, मग वीज पडायचा अवकाश. सेजब्रश, म्हणजे इथलं मूळचं झुडूप, एकदा जळाला की बुंध्यातून परत फुटत नाही, आणि जळक्या जागेवर पुन्हा पहिला नंबर चीटग्रासचाच. (न चरलेल्या जागी पण ते पसरतं, सगळं खापर गाईंवर फोडणाऱ्यांनी हे पण लक्षात घ्यावं.)

ओढ्यांचं गणित आणखी उलटं. भर उन्हाळ्यात गाई पाणी सोडून हलत नाहीत, काठावरच्या विलोच्या झाडांचे कोवळे फुटवे खाऊन टाकतात, काठ ढासळतात. त्याच गाई वसंतात असत्या तर उतारांवर पांगल्या असत्या. म्हणजे ओढ्याला जी तारीख चालते ती वरच्या गवताला चालत नाही, म्हणून मग आलटून पालटून कधी हा तुकडा कधी तो, मधे एखाद्याला पूर्ण विश्रांती. आणि हे ठरवायला कुणीतरी तिथे जाऊन गवत कापून, वाळवून, वजन करायला लागतं, ठरलेल्या जागेवरून दरवेळी फोटो काढायला लागतात. ऑफिसात बसून होत नाही.

खरी अडचण इथेच आहे. चराईची १५.५ कोटी एकर जमीन एकट्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या खात्याकडे, चराईची परमिटं १८ हजारांच्या आसपास. परमिट साधारण १० वर्षांचं, संपलं की पर्यावरणाचा आढावा घेऊन नवीन अटी घालायच्या असं कागदावर आहे, पण माणसं कमी आणि कोर्टकज्जे भरपूर, मग आढावा राहून जातो, आणि २०१४ च्या शेवटी कायद्यातच दुरुस्ती झाली की आढावा होईपर्यंत जुन्याच अटींवर परमिट चालू राहील. त्यामुळे बर्फ आता लवकर वितळतो तरी गाई सोडायची तारीख मात्र जुनीच. कितीतरी रँचर स्वतःच तारीख बदलून मागतात, त्यांना रोज दिसतंय ना, पण फाइल हलेपर्यंत दोन हंगाम जातात.

तेव्हा या विषयावर परत छापणार असाल तर फीच्या आकड्याबरोबर एवढं नक्की विचारा, की किती परमिटांच्या जमिनीवर गेल्या १० वर्षांत कुणी जाऊन गवत बघितलंय.

आपली,
एक वाचक, नेवाडा