शटर उघडे राहू द्या, पण सुटी मोजा

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

रविवारी दुकाने किती वेळ उघडी ठेवायची, हा वाद आपल्याकडे 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने मिटवला. सातही दिवस, चोवीस तास दुकान चालवायला मुभा आहे. आमचा त्याला विरोध नाही. नोकरदार गिऱ्हाईक रविवारीच बाजारात येते. आमचा प्रश्न काउंटरमागच्या माणसाच्या सुटीचा आहे.

1948 च्या कायद्यात आठवड्यातून एक दिवस दुकानच बंद ठेवावे लागे. दादरला सोमवारी शटर खाली दिसले की सुटी मिळाल्याचे रस्त्यावरूनच कळायचे. आता पुरावा उरला तो हजेरीपत्रकात, आणि ते भरतो मालक.

साधा हिशेब करा. सकाळी 10 ते रात्री 10, सातही दिवस, म्हणजे एका काउंटरला आठवड्याचे 84 तास. चार काउंटरना 336. एका कामगाराचे 48 तास धरले तर सात माणसे हवीत. पाचच ठेवली तर 96 तास कमी पडतात. तिमाहीला 125 तासांचा पूर्ण ओव्हरटाइम पाचही जणांकडून घेतला तरी आठवड्याला 48 तासच भरतात. ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा 144 तासांवर नेली तरी 55. उरलेले तास सुटीतूनच काढले जातात.

ते कसे, तेही सांगतो. हजेरीत 'सा. सु.' म्हणजे साप्ताहिक सुटी लिहिलेली असते, माणूस मात्र गल्ल्यावर बसलेला. किंवा रविवारी दुपारी 2 ला सोडून सोमवारी सकाळी 10 ला बोलावतात. हे 20 तास झाले. कायदा सलग 24 मागतो. बुडालेल्या सुटीची बदली रजा दोन महिन्यांत द्यायची असते, पण ती पगारचिठ्ठीवर दिसतच नाही, मग मागणार कशाच्या आधारावर?

म्हणून सुविधाकारांनी, म्हणजे या कायद्याखाली दुकाने तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांनी, हजेरीपत्रकाबरोबर बिलिंग मशीनची नोंदही तपासावी. सुटीच्या दिवशी त्याच कामगाराच्या नावाने बिले फाटली असतील तर आणखी पुरावा नको. त्यासाठी प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन सक्तीचे करा. आज अनेक ठिकाणी एकाच पासवर्डवर तिघे बिले करतात. पुढच्या आठवड्याच्या पाळ्या नावानिशी आधीच दुकानात लागाव्यात. शिल्लक बदली रजा पगारचिठ्ठीवर छापली जावी.

सगळ्यांत जास्त काळजी लहान दुकानांची वाटते. 2017 चा कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू झाला. ही मर्यादा 20 वर नेण्यास मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली. साड्यांचे, मोबाइलचे, किराण्याचे दुकान पाच-सात माणसांवर चालते, आणि रविवारची खरी गर्दी तिथेच असते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे 1890 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. त्याच शहरातला सेल्समन आज माणसे मोजण्याच्या नियमामुळे तिला मुकतो. नोंदणी आणि कागदपत्रांची सूट लहान दुकानदाराला खुशाल द्या. साप्ताहिक सुटीचे कलम मात्र एका कामगाराच्या दुकानालाही लागू करा.

आपले,
दुकान कामगारांच्या हजेरी-पगाराचे काम पाहणारे आम्ही