गांडुळं विष पचवतात, पण किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या वाडीत फवारणीच्या औषधांची माहिती द्यायला एका कंपनीचा माणूस आला होता. पानांवरून ठिबकणाऱ्या औषधाने मातीचं काय होतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "काका, गांडुळं पचवतात ते. त्यांच्या पोटात तशी एन्झाइमं असतात." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय तिथेच संपला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं अर्धं बागायतदारांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

गांडुळाच्या शरीरात विष निकामी करणारी विकरं, म्हणजेच एन्झाइमं, असतात, हे खरं. त्यांतलं महत्त्वाचं म्हणजे कार्बोक्सिलएस्टरेज. मोहोर फुटण्याआधी तुडतुड्यांसाठी आपण डेल्टामेथ्रिन मारतो, त्याच्या रेणूत एस्टरचा एक सांधा असतो. हे विकर तो सांधा तोडतं आणि पुढच्या रेणूकडे वळायला मोकळं होतं. गांडुळाच्या आतड्यातून ते मातीतही उतरतं. मातीच्या ज्या बारीक गोळ्या गांडूळ मागे टाकतं, त्यांत त्याचं काम काही काळ चालू राहतं. हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

क्लोरपायरीफॉस या दुसऱ्या कीटकनाशकाची गोष्ट मात्र वेगळी. शरीरात शिरल्यावर सायटोक्रोम पी-४५० गटातली विकरं त्याचं आधी ऑक्सॉन करतात, आणि हे ऑक्सॉन मूळ औषधाहून जहाल असतं. ते मज्जातंतूंना लागणाऱ्या अॅसिटिलकोलिनएस्टरेजवर घाला घालतं. कार्बोक्सिलएस्टरेज मध्ये पडून ऑक्सॉनला धरून ठेवतं, पण इथे ते सुटत नाही. विषाच्या एका रेणूमागे विकराचा एक रेणू कामी येतो. साठा संपला की नवं विकर तयार होईपर्यंत गांडूळ उघडं पडतं. म्हणजे एक फवारणी सोसली म्हणून आठ-पंधरा दिवसांनी दुसरीही सोसेल, असं धरता येत नाही. शिवाय ही झुंज फुकट होत नाही. जगलेलं गांडूळही खुरटतं, अंड्यांचे कोष कमी घालतं. फवारणीनंतर मेलेली गांडुळं दिसली नाहीत म्हणजे सगळं ठीक आहे, ही समजूत म्हणूनच फसवी आहे.

इमिडाक्लोप्रिडच्या रेणूत तर एस्टरचा सांधाच नाही, त्यामुळे तिथे या विकराची मात्रा चालत नाही. गांडुळाला ते फार लवकर बाधतं. मोहोरावर तेही आपण मारतोच.

आणि मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट. पोफळीच्या कोळे रोगावर मी स्वतः वर्षानुवर्षं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारत आलो, ते जुनं आणि निर्धोक म्हणून. पण तांबं हे मूलद्रव्य. कोणतंही विकर त्याचे तुकडे करू शकत नाही. गांडूळ काही तांबं प्रथिनांत बांधून ठेवतं, बाकीचं मातीत साठत जातं. लहानपणी गरीला काडू, म्हणजे गांडूळ, हवा असला तर पोफळीच्या आळ्यात कुदळीचा एक घाव पुरे व्हायचा. आता त्याच आळ्यात भर पावसाळ्यात खणलं तरी दोन-तीन हाताला लागतात. कारण एकट्या मोरचुदाचं आहे असं मी म्हणणार नाही, पण ते तपासायला हवं.

इथेच माझी मागणी आहे. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासतात. सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, तांबंसुद्धा, पण तेही पिकाला कमी पडतं का एवढंच बघायला. मातीत काही जिवंत आहे का, हा रकाना नाही. यावर एक साधी, जगभर मान्य असलेली चाचणी आहे. एका डब्यात मधोमध पट्टी लावून अर्ध्या भागात बागेतली माती भरायची, अर्ध्यात तशाच पोताची, तेवढीच ओली, कधी न फवारलेली माती. पट्टी काढून मधल्या रेषेवर १० गांडुळं सोडायची. ४८ तासांनी पट्टी परत घालून मोजायचं. असं चार-पाच डब्यांत केल्यावर ८० टक्क्यांहून जास्त गांडुळं स्वच्छ बाजूला सापडली, तर बागेतली माती त्यांना राहण्याजोगी उरलेली नाही असं समजतात. याला ना महागडं यंत्र लागतं ना रसायन. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आणि कृषी विभागाने ही चाचणी निदान तालुक्यागणिक काही आंबा, काजू आणि पोफळीच्या बागांत करावी आणि आकडे लोकांसमोर मांडावेत.

न फवारलेली माती कुठून आणायची, असं कुणी विचारेल. आमच्या गावात देवराई आहे, जमीन तीच जांभ्याची. गावकऱ्यांना विचारून, देवाला नारळ ठेवून दोन घमेली माती मी स्वतः काढून देईन.

आपला,
एक आंबा बागायतदार
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग