चित्राला हसा, पण चित्रकाराचं नाव छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या इंग्रजी विज्ञानकथांच्या भडक मुखपृष्ठांची थट्टा करणारा अर्ध्या पानाचा मजकूर आपण छापलात. सहा चित्रं आणि प्रत्येकाखाली एक टोमणा. टोमणे वाचून घरात सगळे हसले. हसण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सहापैकी एकाही चित्राखाली चित्रकाराचं नाव नव्हतं, साल नव्हतं, मासिकाचं नावही नव्हतं. ही चित्रं जणू आपोआप उगवली होती. ते मला लागलं, म्हणून हे पत्र.

माझं सगळं नोकरीचं आयुष्य गिरगावात प्रोसेस कॅमेऱ्यावर गेलं. रंगीत चित्र आलं की फिल्टर लावून त्याचे पिवळा, लाल, निळा आणि काळा असे चार भाग करायचे, बारीक जाळीची स्क्रीन लावून ठिपके पाडायचे आणि प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, मूळ चित्राशी ताडून पाहायचं, हे माझं काम. त्यामुळे मुखपृष्ठ हातात आलं की गोष्ट काय आहे यापेक्षा ते कोणी काढलं आणि कसं छापलं हे मी आधी बघतो. फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेली अशी मासिकं आणि पेपरबॅक माझ्याकडे बरीच आहेत. आपण छापलेल्या सहा चित्रांपैकी तीन मी बघताक्षणी ओळखली.

पहिलं चित्र फ्रँक आर. पॉल यांचं. पिवळंधमक आकाश, त्यात कडं असलेला प्रचंड शनी, बर्फाच्या टेकड्यांवर अडकलेली जहाजं आणि खाली मजेत स्केटिंग करणारी माणसं. ‘अमेझिंग स्टोरीज’ या मासिकाच्या पहिल्याच अंकाचं, एप्रिल १९२६ चं हे मुखपृष्ठ. केवळ विज्ञानकथांना वाहिलेलं हे पहिलं इंग्रजी मासिक. ते काढलं ह्यूगो गर्न्सबॅक यांनी. विज्ञानकथांना आज जो ह्यूगो पुरस्कार मिळतो तो त्यांच्याच नावाचा. पॉल मूळचे व्हिएन्नाचे आणि शिक्षणाने वास्तुरचनेकडचे. त्यांची यंत्रं, मनोरे, शहरं बघा. प्रत्येक खांब कशावर उभा आहे ते कळतं. माणसांचे चेहरे मात्र त्यांना कधीच नीट जमले नाहीत. बायकांचे तर अजिबात नाहीत. आपल्या लेखकाने या चेहऱ्यांची उडवलेली टर मला शंभर टक्के मान्य आहे.

‘आकाश पिवळं कसं?’ हा टोमणा मात्र छापखान्याची पायरी न चढलेल्या माणसाचा आहे. ब्लॉकच्या, म्हणजे धातूच्या ठशांच्या छपाईत बहुधा पिवळा रंग आधी चढतो. सपाट पिवळ्या रंगावर कागद केसभर सरकला, रजिस्टर म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी हलली, तरी डोळ्याला खुपत नाही. नाजूक निळ्या-करड्या आकाशात तेच लगेच दिसतं. त्यात ही मासिकं विकली जायची अमेरिकेतल्या न्यूजस्टँडवर, एकावर एक दाटीने मांडलेल्या अंकांमध्ये. शेजारी गुन्हेकथा, काउबॉयकथा, प्रेमकथांचे तितकेच रंगीत अंक. त्या गर्दीतून एखाद्या शाळकरी मुलाचा हात आपल्याच अंकाकडे वळावा म्हणून ते पिवळं आकाश होतं. आतला कागद अगदी हलका, लगद्याचा, आणि सगळी श्रीमंती त्या एका गुळगुळीत आवरणावर. त्या काळातल्या वाचकांनीही मुखपृष्ठं फार भडक आहेत म्हणून मासिकाला पत्रं लिहिली होती. गर्न्सबॅक यांनी १९२८ मध्ये एक सौम्य मुखपृष्ठ करून पाहिलं. अंक खपला नाही, आणि पुन्हा भडक मुखपृष्ठं सुरू झाली.

या चित्रांनी गोष्टीसुद्धा लिहवून घेतल्या आहेत. डिसेंबर १९२६ च्या मुखपृष्ठावर पॉल यांनी एक मोठी आगबोट हवेत एका अवाढव्य गोळ्याला लटकत चाललेली दाखवली. आत त्या चित्राची गोष्टच नव्हती. वाचकांनीच या चित्रावरून कथा लिहावी अशी स्पर्धा मासिकाने लावली, बक्षिसांची रक्कम ५०० डॉलर. तिसरं बक्षीस क्लेअर विंगर हॅरिस या बाईंना मिळालं आणि त्यांची कथा जून १९२७ च्या अंकात छापून आली. विज्ञानकथेच्या मासिकांत स्वतःच्या नावाने लिहिणाऱ्या त्या अगदी पहिल्या बायकांपैकी एक. पुढे १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं तेव्हा सन्माननीय पाहुणे म्हणून कोणाला बोलावलं असेल? लेखकाला नाही, संपादकाला नाही, फ्रँक पॉल यांना. तेव्हाच्या वाचकांना आपण या छंदाला कोणामुळे लागलो हे पक्कं माहीत होतं.

दुसरं चित्र अर्ल बर्गी यांच्या हातचं, चाळिशीच्या दशकातलं. ‘थ्रिलिंग वंडर स्टोरीज’ आणि ‘स्टार्टलिंग स्टोरीज’ या मासिकांची मुखपृष्ठं ते करायचे. नायक गळ्यापासून पायापर्यंत अवकाशपोशाखात, डोक्यावर काचेची हंडी, आणि शेजारची नायिका मात्र पितळी चोळीत आणि आखूड वस्त्रात, जिथे श्वास घ्यायला हवासुद्धा नाही अशा ठिकाणी. मागून कुठलातरी बटबटीत डोळ्यांचा प्राणी तिला धरायला आलेला. इथे जितकं हसाल तितकं थोडं. मी तर म्हणतो, हसून सोडूही नये. बाईला असं वारंवार मुखपृष्ठावर टांगणं हे वाईटच होतं. ती मासिकं वाचणाऱ्या मुली होत्या, लिहिणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांच्या वाट्याला दर अंकाला हे चित्र येत होतं.

पण याच बर्गींचं एक मुखपृष्ठ माझ्याकडे आहे, त्यावर भिंग धरून बघा. नुसत्या डोळ्याला जो प्राणी एकरंगी हिरवा दिसतो तो भिंगाखाली हिरवा नाहीच. खाली पिवळ्याचा भरीव थर आणि त्यावर निळे ठिपके. पोटाकडे ते बारीक होत जातात, पाठीकडे मोठे होतात, आणि त्यातून अंगाची गोलाई उभी राहते. नायिकेच्या गालावर लाल ठिपके इतके विरळ की मोजता यावेत. लाल प्लेट जरा उजवीकडे सरकली आहे, म्हणून ओठांचा रंग ओठांबाहेर सांडलाय. ही चूक मशीनवरची. चित्र मुळात केवढंतरी मोठं, तैलरंगातलं, आणि रंग कुठे किती गडद झाला की छपाईत चिखल होईल याचा अंदाज बांधून काढलेलं. विषय टाकाऊ असला तरी हात कच्चा नव्हता. या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगायला हव्यात. आपल्या लेखकाने त्या एकत्र कालवल्या.

तिसरं चित्र आपण छापलंत त्याचं तर मला मनापासून वाईट वाटलं. महाकाय यंत्रमानव, त्याच्या तळहातावर मरणाऱ्या माणसाचं रक्ताळलेलं शरीर. आपण खाली लिहिलंत, ‘रोबोचा नाश्ता’. हे केली फ्रीज यांचं चित्र, ‘अस्टाउंडिंग’ या विज्ञानकथा मासिकाच्या ऑक्टोबर १९५३ च्या अंकावरचं. त्या यंत्राचा चेहरा एकदा नीट बघा. त्यात क्रौर्य नाही. आपल्याकडून मोडलेलं खेळणं वडिलांकडे घेऊन आलेल्या लहान मुलाचा भाव त्यावर आहे: हे काय झालं, नीट करून द्या. क्वीन या बँडला हे चित्र इतकं आवडलं की १९७७ च्या अल्बमसाठी त्यांनी फ्रीज यांच्याकडूनच ते नव्याने काढून घेतलं, यंत्रमानवाच्या हातात स्वतः बँडवाल्यांना ठेवून. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. ज्या चित्रावर आपण टोमणा मारलात ते तुमच्या कितीतरी वाचकांच्या घरात रेकॉर्डच्या, कॅसेटच्या वेष्टनावर असेल.

सगळीच मुखपृष्ठं अशी भडक होती असंही नाही. पन्नाशीच्या दशकात रिचर्ड पॉवर्स यांनी बॅलेंटाइन या अमेरिकी प्रकाशनाच्या पुस्तकांवर धुक्यात तरंगणारे, कशासारखेच नसलेले आकार आणले. सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये क्रिस फॉस एअरब्रशने, म्हणजे रंगाच्या फवाऱ्याने, पट्ट्यापट्ट्यांची डोंगराएवढी यानं रंगवत होते. ती यानं पुस्तकात असोत की नसोत, मुखपृष्ठावर असायचीच. यावर हसायला माझी हरकत नाही. मला स्वतःला फॉस यांची यानं फार आवडतात. मुंबईच्या फुटपाथवर ही पुस्तकं दुरून ओळखू यायची ती त्या यानांमुळेच.

आपल्याकडे हे नवं नाही. गोव्यातून आलेल्या दीनानाथ दलालांची आणि रघुवीर मुळगावकरांची दिवाळी अंकांवरची चित्रं काय सौम्य होती? मुळगावकरांच्या स्प्रेने रंगवलेल्या देवादिकांचे गाल, दलालांच्या ‘दीपावली’वरच्या स्त्रियांच्या साड्यांचे रंग, यांनाही नाकं मुरडणारे होते. पण त्यांची नावं घरोघरी माहीत होती. मराठी पुस्तक उघडलं की प्रकाशकाच्या पत्त्याजवळ ‘मुखपृष्ठ’ म्हणून चित्रकाराचं नाव असतं, ही आपली चांगली रीत आहे. अमेरिकेतल्या स्वस्त पेपरबॅकवर ते बऱ्याचदा नसायचं. ज्यांच्याकडे रीत नव्हती त्यांचं अनुकरण आपण का करावं?

आणि आज बाजारात काय आहे? पाठमोरा उभा माणूस, समोर निळसर ग्रह, वर पातळ अक्षरं. दहा पुस्तकं शेजारी ठेवली तर कुठलं कुठलं ते कळत नाही. त्यांची कोणी थट्टाही करत नाही, कारण ती कोणाच्या लक्षातच राहत नाहीत.

माझ्या दोन विनंत्या आहेत. आपल्या पुरवणीत पुस्तकपरीक्षणाखाली चौकट असते: पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन, पृष्ठं, किंमत. त्यात ‘मुखपृष्ठ’ ही एक ओळ वाढवावी. जागा एका ओळीचीच लागेल. आणि ज्या सहा चित्रांवर वाचक हसले त्यांच्या चित्रकारांची नावं येत्या रविवारी छापावीत. तिघांची मी वर दिली आहेत. उरलेली तीन चित्रं आपण फार लहान छापलीत, त्यामुळे मला सही वाचता आली नाही. हे चित्रकार बहुधा खालच्या कोपऱ्यात सही करत. आपल्याकडे मोठी प्रत असेल, तर कृपया तिथे बघावं.

आपला,
एक निवृत्त प्रोसेस कॅमेरामन, गिरगाव