आत्याचं नोव्हेंबरचं इंजेक्शन

चि. मंदार यास,
अनेक आशीर्वाद.

आत्याला बंगळूरला घेऊन चाललास, याचं मला किती बरं वाटलं ते फोनवर बोलता आलं नाही. तुझे बाबा असते तर सगळ्या गल्लीला सांगून आले असते. गाडीत तिच्या पाठीला उशी दे आणि दर दोन तासांनी उतरवून चार पावलं चालव. बाकीचं तुला कळतं.

लिहायचं होतं ते एकच. तिचं हाडांचं इंजेक्शन, डेनोसुमॅब ६० मिलिग्रॅम, १४ मेला झालंय. पुढचं १४ नोव्हेंबरला. ती संक्रांतीपर्यंत तुझ्याकडे, म्हणजे ते तिथेच द्यायचं. "सांगलीला गेल्यावर घेऊ" म्हणेल, ऐकू नकोस. हे औषध हाड झिजवणाऱ्या पेशींना सहा महिने दाबून धरतं. ते ओसरलं की त्याच पेशी आधीपेक्षा जोराने कामाला लागतात, आणि मग न पडतासुद्धा मणके दबतात, कधी एकदम दोन-तीन. थोडे दिवस इकडेतिकडे चालतील, पण सातवा महिना उलटू द्यायचा नाही. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळीचं वेगळं असतं, ते औषध हाडात साठून राहतं. हे राहत नाही.

इंजेक्शनच्या पंधरा दिवस आधी रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते त्यावरून कळतं) तपासून घे. कॅल्शियम कमी असताना इंजेक्शन दिलं तर ते आणखी उतरतं. ओठांभोवती मुंग्या येतात, हातापायांत गोळे येतात. सिरिंज फ्रिजमध्ये ठेव, फ्रीझरमध्ये नको.

कॅल्शियमची ५०० ची गोळी दुपारच्या जेवणाबरोबर. थायरॉईडची पहाटे उपाशीपोटी, दोन्हींत चार तासांचं अंतर. एकत्र घेतल्या तर थायरॉईडची गोळी नीट शोषलीच जात नाही. दोन पेले दूध आणि नाचणीची भाकरी असली तर दुसरी कॅल्शियमची गोळी लागायची नाही. ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या पुड्यांचा कोर्स झालाय. कुणी सांगितलं म्हणून पुन्हा दर आठवड्याला सुरू करू नका, जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडाला त्रास होतो.

खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, सकाळ-संध्याकाळ. मांडीत ताकद असली तर माणूस तोल सावरतो. पण शेजारच्या योगवर्गात पुढे वाकून पायाचे अंगठे धरायला लावतील, ते तिला नको, त्याने मणक्याच्या पुढच्या बाजूवर दाब येतो. भरलेली बादली उचलायची नाही. संडासात पकडायला दांडी बसव, पायपुसणी काढून टाक, रात्री दिवा राहू दे.

तुला कडेवर घेऊन वाड्याचे दोन्ही जिने चढायची ती, दुसऱ्या हातात कळशी. आता उंची चार सेंटीमीटरने कमी झालीय. एक मणका कधी दबला ते कुणाला कळलंही नाही, ती कंबर धरून पापड लाटत राहिली. तिला दुखलं तर ती सांगत नाही रे. म्हणून तूच विचार. पाठीत अचानक कळ आली आणि उठता-बसता वाढली, तर मलम चोळत बसू नका, एक्स-रे काढा.

किती लिहीत सुटले. चाळिशीच्या मुलाला एवढं सांगू नये, रागावू नकोस. पण नोव्हेंबरात दिवाळीची गडबड, तुझं ऑफिस, सुमेधाची परीक्षा. तारीख आजच फोनमध्ये घाल, सुमेधाच्याही.

हाडांच्या घनतेचा आकडा, टी-स्कोअर, उणे ३.१ वरून सुधारून उणे २.७ झाला, म्हणून "आता बरी आहे, बंद करा" असं आत्या म्हणतेय. बरी आहे ती इंजेक्शनमुळेच. बंद करायचंच झालं तर त्याच्या जागी लगेच दुसरं औषध सुरू करावं लागतं, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

तुझी,
आई

ता. क. तिची खालची दाढ हलतेय. दात काढायचा झाला तर दंतवैद्याला आधी या इंजेक्शनचं सांग. क्वचित जबड्याची जखम भरत नाही, म्हणून ते विचारतात. पण दातासाठी इंजेक्शन पुढे ढकला असं कुणी म्हणालं, तर हाडांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हो म्हणू नकोस. नंबर फाईलच्या पहिल्या पानावर आहे.