द्रवाचे कण एवढे लांब लांब का काढता?

संपादक महोदय, नमस्कार. शाळेच्या बऱ्याच पुस्तकांत स्थायू, द्रव, वायू अशी तीन चौकोनांची आकृती असते ना, तिच्याबद्दल लिहायचंय. त्यात द्रवाचे कण चांगले लांब लांब काढलेले असतात, जणू द्रव म्हणजे स्थायू आणि वायूच्या बरोबर मधोमध, आणि हे साफ चूक आहे. द्रवातले कण जवळजवळ स्थायूइतकेच खेटून असतात, फक्त जागा पक्की नसते, एकमेकांवरून सरकत राहतात, म्हणून तर द्रव दाबला तरी फारसा आकसत नाही. (पाण्याचं तर उलटंच, गोठलं की साधारण ९ टक्के जास्त जागा घेतं!) खरी उडी पुढे आहे, १ लिटर पाण्याची १०० अंश सेल्सिअसला वाफ झाली की ती १६०० लिटरपेक्षा जास्त जागा व्यापते, कण तेच, त्यांचा आकारही तोच, वाढतं ते मधलं अंतर. स्थायूचे कण गप्प बसलेले दाखवतात तेही खटकतं, ते जागच्या जागी सतत थरथरत असतात. मुलांच्या डोक्यात पहिलं चित्र घट्ट बसतं, तेव्हा पुढच्या आवृत्तीत द्रवाचे कण प्लीज एकमेकांना टेकवून काढा.

एक विज्ञानप्रेमी वाचक